वाचकाने लिहिलेला प्रत्येक शब्द जुळायला हवा : नाशिकच्या ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे, ग्रंथपाल आणि त्यांच्यासाठी संगणकीय सूची तयार करणारे प्रोग्रामर

विषय : सूचीतील शोधासाठी डीफॉल्ट ऑपरेटर विचारपूर्वक ठरविण्याबाबत

सन्माननीय पदाधिकारी, ग्रंथपाल व प्रोग्रामर मित्रहो,

स. न. वि. वि.

कार्डांचे खण मागे सारून आपल्यापैकी अनेकांनी सूची संगणकावर आणली आहे, आणि काही ठिकाणी जुनी पुस्तके, स्मरणिका व नियतकालिके स्कॅन करून त्यांतला मजकूरही शोधता यावा अशी व्यवस्था होऊ लागली आहे. अपुऱ्या मनुष्यबळात आणि तुटपुंज्या अनुदानात हे काम करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. या कामात एक निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी कोणी घेतलेलाच नाही. तो सॉफ्टवेअरबरोबर आयता आला आहे. वाचकाने शोधाच्या चौकटीत दोन-तीन शब्द एकापुढे एक लिहिले आणि मध्ये कोणतेही चिन्ह घातले नाही, तर त्या शब्दांमध्ये ‘आणि’ धरायचे की ‘किंवा’, हा तो निर्णय होय. न सांगता यंत्र जे धरते, त्याला डीफॉल्ट ऑपरेटर म्हणतात. मी डेटाबेसच्या क्षेत्रात काम करते आणि आपल्या ग्रंथालयांची वाचकही आहे. माझी विनंती अशी की, वाचकाने लिहिलेल्या निरनिराळ्या शब्दांमध्ये ‘आणि’ धरावे, एकाच शब्दाच्या निरनिराळ्या रूपांमध्ये ‘किंवा’ धरावे, आणि अट सैल करण्याची वेळ आली तर ती वाचकाला सांगूनच सैल करावी.

एका ग्रंथालयाच्या ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय सूचीवर, मी ‘काळाराम मंदिर सत्याग्रह १९३०’ असे लिहून शोध घेतला. आलेल्या यादीत महाराष्ट्रातल्या मंदिरांवरची पुस्तके होती, तीर्थक्षेत्रांच्या मार्गदर्शिका होत्या, मंदिर-स्थापत्यावरची पुस्तके होती आणि मिठाच्या सत्याग्रहाविषयीची तर पुष्कळच होती. हे शेवटचे समजण्यासारखे आहे, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि दांडीयात्रा त्यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्चला निघाली. त्यामुळे ‘सत्याग्रह’ आणि ‘१९३०’ हे दोन्ही शब्द दोन्हींकडे सारखेच लागू पडतात. मला हवी असलेली पुस्तके यादीत होती, पण ती इतकी खाली आणि इतकी विखुरलेली होती की, या विषयावर ग्रंथालयात फारसे काही नाही असे समजून एखादा विद्यार्थी परत गेला असता. यंत्राने चारही शब्दांमध्ये ‘किंवा’ धरले होते. चारांपैकी कोणताही एक शब्द असला की ती नोंद यादीत येत होती, आणि म्हणून वाचक जितके अधिक शब्द लिहून आपली गरज स्पष्ट करील तितकी यादी लांबत जात होती. संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना हेच चार शब्द सांगितले असते, तर त्यांनी दांडीयात्रेची पुस्तके टेबलावर आणून ठेवली नसती.

‘किंवा’च्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. शोध-इंजिने नुसती यादी देत नाहीत, ती नोंदींना गुण देऊन क्रम लावतात, आणि संग्रहात जो शब्द विरळा त्याला अधिक वजन मिळते. १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ केरन स्पार्क जोन्स यांनी मांडलेली ही कल्पना आजही बहुतेक इंजिनांच्या मुळाशी आहे. ‘काळाराम’ हा शब्द ‘मंदिर’पेक्षा विरळा, म्हणून तो असलेल्या नोंदी वर येतील आणि बाकीचा पसारा खाली राहील, मग तो असला तरी बिघडले काय, असे म्हणता येते. यादी गुणांच्या क्रमानेच दाखवली जात असेल, तर हे बऱ्याच अंशी खरेही आहे. ग्रंथालयाच्या सूचीत मात्र यादी क्वचितच तशी दाखवली जाते. ती शीर्षकाच्या अकारविल्हे लावलेली असते, प्रकाशनवर्षानुसार असते किंवा दाखल क्रमांकानुसार असते. मी पाहिलेली यादी अकारविल्हे होती. क्रम बदलला की गुणांचा आधार नाहीसा होतो, आणि ‘किंवा’ने आत घेतलेल्या सगळ्या असंबद्ध नोंदी हव्या असलेल्या नोंदींच्या बरोबरीने उभ्या राहतात. शिवाय ‘इतकी पुस्तके सापडली’ हा आकडा, किंवा बाजूला भाषेनुसार आणि विषयानुसार दाखवलेली संख्या, हीसुद्धा त्याच फुगलेल्या यादीवरून काढलेली असते, त्यामुळे तिच्यावर विसंबून संग्रहाविषयी कोणताच अंदाज बांधता येत नाही.

हा निर्णय आयता येतो म्हणजे काय, ते प्रोग्रामर मंडळींना ठाऊक असेल, पण कार्यकारी मंडळांनाही ठाऊक असावे. ल्युसीन या शोध-सॉफ्टवेअरचा जुना क्वेरी पार्सर (वाचकाच्या शब्दांचा अर्थ लावणारा भाग) आणि ल्युसीनवर उभे असलेले सोलर हे शोध-इंजिन, मुद्दाम बदल केला नाही तर, शब्दांमध्ये ‘किंवा’ धरतात. इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या शोध-इंजिनाचा साधा शोध, म्हणजे मॅच क्वेरी, हीही तेच करते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या फुल-टेक्स्ट (संपूर्ण मजकुरातल्या) शोधात नेहमीच्या पद्धतीने कोणताही एक शब्द जुळला तरी ओळ निवडली जाते, आणि बूलियन पद्धतीतही (म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ अशा अटी घालण्याच्या पद्धतीत) शब्दाच्या आधी अधिकचे चिन्ह नसेल तर तो शब्द ऐच्छिक समजला जातो. याउलट पोस्टग्रेस या डेटाबेसमधले साध्या मजकुराचे फंक्शन शब्दांमध्ये ‘आणि’ घालते. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत आलेले, वेबवरच्या शोधासारखे लिहू देणारे फंक्शनही ‘आणि’च धरते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एफटीएस५ ही शोधाची सोयसुद्धा त्याच पक्षाची आहे. म्हणजे दोन ग्रंथालयांत तीच पुस्तके आणि त्याच नोंदी असल्या, तरी कंत्राटदाराने कोणता डेटाबेस निवडला यावर वाचकाला काय सापडेल हे ठरते. हा निर्णय असा योगायोगावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

मग एक सेटिंग बदलून ‘आणि’ लावले की काम संपले का? इंग्रजी सूचीपुरते बहुधा संपेल. मराठीत तेवढ्यावर थांबलो तर वाचकाचे अधिकच नुकसान होईल, आणि या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची आहे.

‘गोदावरी पूर १९६९’ हा शोध घ्या. त्या वर्षीचा महापूर नाशिककरांच्या आठवणीत पक्का आहे. एखाद्या जुन्या स्मरणिकेत वाक्य असेल : ‘१९६९ साली गोदावरीच्या पुरात नदीकाठची दुकाने वाहून गेली.’ माणसाला हे वाक्य नेमके विषयावरचे वाटेल. यंत्राला मात्र त्यात ‘गोदावरी’ दिसत नाही, ‘गोदावरीच्या’ दिसते. ‘पूर’ दिसत नाही, ‘पुरात’ दिसते. ‘आणि’ची कडक अट घातली तर हे पान यादीतून बाद होते. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात आणि त्यांच्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. त्यामुळे वाचक ज्या मूळ रूपात शब्द लिहितो त्या रूपात तो छापील मजकुरात अनेकदा नसतोच. शब्द तीन असतील तर ही अडचण तीनदा येते. अशा वेळी ‘काहीच सापडले नाही’ हे उत्तर ‘किंवा’च्या पसाऱ्यापेक्षाही वाईट, कारण पसाऱ्यात निदान पुस्तक कुठेतरी असते.

यावर तारांकन लावण्याचा, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा भाग जुळला की पुरे असे मानण्याचा उपाय लगेच सुचतो. ‘गोदावरी’साठी तो चालतो आणि ‘मंदिर’साठीही, कारण ‘मंदिराच्या’, ‘मंदिरात’ ही रूपे तशीच सुरू होतात. ‘पूर’साठी तो साफ फसतो : सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘पुरात’ आणि ‘पुराचा’ सापडत नाहीत, आणि उलट ‘पूर्व’, ‘पूर्ण’, ‘पूर्वज’ असे सगळे शब्द येतात. ‘कांदा’चे ‘कांद्याचा’ होते, म्हणून काना काढून ‘कांद’ एवढ्यावर तारांकन लावले, तर कांदा-लागवडीच्या पुस्तकांबरोबर कांदिवलीही येते. खुद्द आपल्या शहराचे नाव पाहा. ‘नाशिक’ला प्रत्यय लागून ‘नाशिकला’ आणि ‘नाशिकच्या’ होते, पण बोलण्यात आणि लेखनातही ‘नाशकात’, ‘नाशकाला’ सर्रास येते, आणि जुन्या पुस्तकांत ‘नासिक’ छापलेले असते. ‘नाश’वर तारांकन लावले तर ‘नाश’ आणि ‘नाशवंत’ यादीत येतील आणि ‘नासिक’ तरीही सुटेल.

म्हणून शब्दरूपांचे काम शब्द पाहूनच करावे लागेल. सामान्यरूपाचे नियम सांगणारा छोटा प्रोग्रॅम आणि त्याला न जुमानणाऱ्या शब्दांची तक्ता-यादी, असे दोन्ही लागेल. पोस्टग्रेसमध्ये शब्दाचे मूळ काढण्याची सोय तमिळ व नेपाळीसाठी १२ व्या आवृत्तीत आणि हिंदीसाठी १४ व्या आवृत्तीत आली. मराठीसाठी त्या आवृत्त्यांत ती नाही. ल्युसीनमध्येही हिंदीसाठी तयार विश्लेषक आहे. लिपी तीच आहे म्हणून काही ठिकाणी मराठी सूचीला हिंदीची ही सोय जोडली जाते. कृपा करून तसे करू नये, कारण तिला हिंदीचे प्रत्यय कळतात, ‘च्या’ आणि ‘साठी’ कळत नाहीत. स्वतःची यादी करणे वाटते तितके अवघडही नाही. ग्रंथालयाच्या सूचीत वारंवार शोधले जाणारे शब्द मर्यादित असतात, स्थलनामे आणि व्यक्तिनामे ठरलेली असतात. ‘नाशिक, नासिक, नाशकात, नाशकाला’ हा एक गट, ‘गोदावरी, गोदा, गोदेच्या’ हा दुसरा, ‘पांडवलेणी’ आणि ‘त्रिरश्मी’ यांचा तिसरा. ‘कुसुमाग्रज’ लिहिले की ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाच्या नोंदीही याव्यात, हा चौथा. गटाच्या आत ‘किंवा’ आणि गटांमध्ये ‘आणि’ धरले की ‘गोदावरी पूर १९६९’ या शोधाचा अर्थ यंत्रालाही वाचकाइतकाच नेमका कळेल.

याच कामात अक्षरांच्या संकेतांकांची सफाईही उरकून घ्यावी. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ऱ्य संगणकात दोन रीतींनी साठवला जातो : एका रीतीत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, दुसरीत साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. नोंद एका कर्मचाऱ्याने एका कीबोर्डवरून केली आणि वाचकाने शोध मोबाइलवरून घेतला, तर ‘आणि’च्या अटीत तो शब्द कायम नापास होईल. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांचेही तसेच. १९६९ कोणत्याही अंकांत लिहिले तरी ते एकच धरले गेले पाहिजे. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीच्या पुस्तकांतले ‘येथें’, ‘कांहीं’ असे अनुस्वार इंडेक्स, म्हणजे यंत्राची शोधासाठीची शब्दसूची, करताना वगळून एकरूप करता येतात. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी, तिला हात लावू नये. लहान शब्दांचेही पाहावे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-प्रकारात तीनपेक्षा कमी चिन्हांचा शब्द मुळातच इंडेक्समध्ये घेतला जात नाही, आणि जुन्या मायआयसॅम प्रकारात ही मर्यादा चारची आहे. पहिल्यात ‘ऊस’ गळतो, दुसऱ्यात ‘पूर’ही गळतो (यंत्र ऊकार वेगळा मोजते, म्हणून ‘पूर’ची चिन्हे तीन). साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात ‘ऊस’ शोधता येऊ नये हे बरे दिसत नाही. मर्यादा बदलता येते. बदलल्यावर इंडेक्स नव्याने बांधावा लागतो एवढेच. याउलट ‘व’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘विषयी’ असे शब्द वाचकाने लिहिले तर ते अटीतून वगळावेत, नाहीतर ‘कांदा आणि द्राक्ष’ या शोधात ‘आणि’ हा शब्दही नोंदीत असलाच पाहिजे, असा यंत्र अर्थ लावते.

प्रोग्रामर मंडळींनी आणखी एका खाचखळग्याकडे लक्ष द्यावे. वाचक ‘कुसुमाग्रज कविता’ असे लिहितो तेव्हा पहिला शब्द लेखकाच्या रकान्यात असतो आणि दुसरा विषयाच्या. ‘आणि’ची अट प्रत्येक रकान्यावर वेगळी लावली, म्हणजे एकाच रकान्यात दोन्ही शब्द हवेत असे मानले, तर निकाल शून्य येतो. इलॅस्टिकसर्चच्या अनेक रकान्यांवरच्या शोधात मूळ वागणूक नेमकी हीच असते. तिथे रकाने एकत्र धरणारा प्रकार मुद्दाम निवडावा लागतो. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या बाबतीत अडचण उलटी आहे. चारशे पानांचे पुस्तक ही एकच नोंद मानली, तर ‘गोदावरी’ प्रस्तावनेत आणि ‘पूर’ शेवटच्या प्रकरणात असला तरी ‘आणि’ची अट पूर्ण होते, आणि त्या जुळण्याला काहीच अर्थ नसतो. तिथे पान हे एकक धरावे.

शून्य निकालाविषयी मला वाटणारी काळजी केवळ तर्कावर आधारलेली नाही. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. एका मोठ्या खटल्याच्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांच्या संपूर्ण मजकुरात बूलियन पद्धतीने शोध घेणाऱ्या वकिलांना, आपल्याला संबंधित कागदांपैकी तीन-चतुर्थांश तरी मिळाले आहेत असे वाटत होते. प्रत्यक्षात सरासरीने पाचवा हिस्साच मिळाला होता. अटींत अटी जोडत गेल्यामुळे हाती आलेले कागद कामाचे होते, पण बाकीचे आहेत याची त्यांना जाणीवच झाली नाही. ‘आणि’ हा डीफॉल्ट ठेवावा असे मी म्हणते तेव्हा हा धोका मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच शब्दरूपांच्या गटांशिवाय ‘आणि’ लावू नये असा माझा आग्रह आहे.

तरीही काही शोध रिकामे जातील. स्कॅन केलेल्या जुन्या छपाईत यंत्राने एखादे अक्षर चुकीचे वाचलेले असते, वाचकाला वर्ष नीट आठवत नसते, किंवा त्याने सहा-सात शब्दांचे अख्खे वाक्यच लिहिलेले असते. अशा वेळी अट सैल करावी, मात्र गुपचूप करू नये. चारही शब्द असलेली नोंद नसेल तर तीन शब्द जुळणाऱ्या नोंदी दाखवाव्यात आणि वर स्पष्ट लिहावे : ‘चारही शब्द असलेले पुस्तक सापडले नाही. “१९३०” वगळून पुढील पुस्तके मिळाली.’ किमान किती शब्द जुळावेत हे सांगण्याची सोय सोलर आणि इलॅस्टिकसर्च या दोन्हींत आहे. पोस्टग्रेसमध्ये ती थोडे लिहून करावी लागते. दोन शब्दांचा शोध असेल तर मात्र दोन्ही जुळलेच पाहिजेत, तिथे सैल करण्यासारखे काही उरत नाही. हे एक वाक्य पडद्यावर आले की आपण काय विचारले आणि यंत्राने काय शोधले यांतला फरक वाचकाला कळतो, आणि पुढचा शोध तो स्वतः नीट घेऊ शकतो.

अवतरणचिन्हांत लिहिलेले शब्द सलग आले पाहिजेत आणि उणे चिन्ह शब्दाच्या आधी चिकटून आले तर तो शब्द वगळावा, हे संकेत आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत, ते तसेच ठेवावेत. वर्षांच्या जोडीत मात्र घोटाळा होतो : ‘१९३० -३५’ असे मध्ये एक जागा सोडून लिहिले गेले की ‘३५’ असलेल्या नोंदी वगळल्या जाऊ शकतात. उणे चिन्हानंतर अंक असेल तर ते वगळण्याचे चिन्ह समजू नये, एवढा नियम पुरेसा आहे. ‘अँड’ आणि ‘ऑर’ वाचकाने स्वतः लिहून एकत्र वापरण्याची मुभा द्यायची असेल, तर कंसांसहच द्यावी. ल्युसीनच्या जुन्या पार्सरमध्ये ‘कांदा अँड द्राक्ष ऑर निर्यात’ याचा अर्थ पहिले दोन शब्द अनिवार्य आणि तिसरा केवळ गुण वाढविणारा, असा होतो. पोस्टग्रेसमध्ये पहिले दोन एकत्र किंवा तिसरा एकटा, असा होतो. सामान्य वाचकासाठी ‘यांपैकी कोणताही शब्द’ असा वेगळा रकाना प्रगत शोधाच्या पानावर ठेवला तर हा प्रश्नच येत नाही.

कार्यकारी मंडळांना माझी विनंती आहे की, सॉफ्टवेअरचे नवे कंत्राट देताना किंवा जुन्याचे नूतनीकरण करताना या अटी लेखी घालाव्यात, आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी ते खऱ्या शोधांवर तपासावे. देवघेव विभागात आणि संदर्भ विभागात वाचक रोज जे विचारतात, त्यांतले पन्नास-साठ प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत; प्रत्येकासमोर, कपाटातली पुस्तके हाताखालून गेलेल्या ग्रंथपालांनी, कोणती पुस्तके यायलाच हवीत ते लिहावे; आणि सूचीने त्यांपैकी किती दिली व सोबत किती नको असलेली आणली, हे पाहावे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा असलेल्या या शहरात अशी जाणती माणसे आहेत, आणि त्यांचे हे ज्ञान कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळणार नाही.

सिंहस्थाच्या निमित्ताने येत्या काळात नाशिकच्या इतिहासाविषयी, घाटांविषयी आणि जुन्या पर्वण्यांविषयी विचारणा वाढणार आहे. त्याआधी निदान स्थलनामांचे आणि व्यक्तिनामांचे शब्दगट तयार व्हावेत असे मला वाटते. ही पहिली यादी करून देण्याची माझी तयारी आहे. ती कोणत्याही ग्रंथालयाने विनामूल्य वापरावी आणि तीत भर घालून इतरांना द्यावी. ज्या मंडळांना हा विषय बैठकीत घ्यायचा असेल, त्यांनी आपल्या सूचीत सध्या कोणता ऑपरेटर धरला जातो एवढे प्रोग्रामरकडून आधी लेखी मागवून घ्यावे, म्हणजे चर्चा नेमक्या मुद्द्यावर होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, नाशिक